पोषणजन्य रक्तक्षय

पोषणजन्य रक्तक्षय ही लोह, फोलेट किंवा ब१२ जीवनसत्त्व यांपैकी एक वा अधिक घटक आहारातून पुरेसे न मिळाल्यामुळे अथवा मिळूनही शरीरात न शोषले गेल्यामुळे उद्भवणारी अवस्था होय. या अवस्थेत रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण आवश्यक पातळीच्या खाली जाते. बोलीभाषेत तिला ‘रक्त कमी असणे’ किंवा ‘ॲनिमिया’ असे म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढ पुरुषांत दर डेसिलिटरमागे १३ ग्रॅम, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम आणि गरोदर स्त्रियांत साधारणतः ११ ग्रॅम यांहून कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय मानला जातो.

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया, २५ टक्के पुरुष आणि ६ ते ५९ महिने वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. महाराष्ट्रात स्त्रियांतील हे प्रमाण ५४.२ टक्के होते. हे आकडे बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर आधारलेले आहेत. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षे वयाच्या बालकांतील प्रमाण ४१ टक्के निघाले होते. मोजण्याच्या पद्धतीमुळे आकड्यांत असा फरक पडत असला, तरी प्रश्नाचे गांभीर्य त्यामुळे फारसे कमी होत नाही.

लोह, फोलेट आणि ब१२ या तिन्ही घटकांच्या कमतरतेचा परिणाम वरवर सारखाच दिसतो. चेहरा फिका पडतो, जिना चढताना धाप लागते, थकवा येतो, कामात लक्ष लागत नाही. त्यामुळे तिन्हींवर ‘रक्तवाढीचे टॉनिक’ हा एकच उपाय असल्याची समजूत रूढ आहे. वस्तुतः एका घटकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही आणि काही वेळा चुकीच्या घटकाचा उपयोग हानिकारकही ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आयुर्वेदात या अवस्थेशी जुळणाऱ्या लक्षणांचे वर्णन ‘पांडुरोग’ या नावाने आढळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय याच रोगावर असून त्यात सांगितलेल्या पांडूच्या पाच प्रकारांपैकी एक माती खाल्ल्याने होणारा आहे. माती खाण्याची इच्छा आणि शरीरातील लोहाची कमतरता यांचा संबंध आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. मात्र तेथे ही इच्छा बहुधा कारण नसून लक्षण मानली जाते. गरोदर स्त्रीच्या माती खाण्याच्या डोहाळ्यांचे घरोघर कौतुक होते. शाळकरी मुले, विशेषतः मुली, पाटीची पेन्सिल, खडू किंवा कच्चे तांदूळ चोरून खातात व त्याबद्दल बोलणी खातात. या दोन्ही प्रसंगी कौतुकाआधी वा रागावण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घेणे अधिक उपयुक्त ठरते. पांडुरोगावर लोहभस्म व मंडूर यांचा वापर आयुर्वेदात पूर्वीपासून होत आला आहे. युरोपात १८३२ मध्ये पिएर ब्लॉ या फ्रेंच वैद्याने लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या.

शरीरातील लोहाचा हिशेब

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्यापैकी जवळजवळ दोनतृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. पेशी मोडली की तिच्यातील लोह वाया न जाता अस्थिमज्जेत नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. त्यामुळे शरीराबाहेर जाणारे लोह दिवसाला अवघे १ मिलिग्रॅम असते आणि तेवढेच आहारातून शोषले गेले तरी निभावते. मासिक पाळी, गरोदरपण, बाळंतपण, मुलांची झपाट्याने होणारी वाढ आणि आतड्यातील हूककृमी यांमुळे मात्र हा काटेकोर हिशेब बिघडतो. हूककृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात. म्हणूनच लोहाच्या गोळ्यांना जंतनाशकाची जोड दिली जाते.

रक्तक्षय ही लोहाच्या कमतरतेची शेवटची पायरी आहे. आधी यकृत व अन्यत्र साठवलेले लोह संपते. ही घट रक्तातील फेरिटिन या प्रथिनाच्या तपासणीत दिसून येते. त्यानंतरच हिमोग्लोबिन उतरू लागते. म्हणजेच हिमोग्लोबिन १२ असलेली स्त्रीही लोहाच्या बाबतीत रित्या कोठाराच्या आधारे दिवस काढत असू शकते.

आहारातील लोह

आहारात किती लोह आहे यापेक्षा त्यातील किती शोषले जाते हे अधिक महत्त्वाचे असते. मांस, मासे व यकृत यांतील हीम प्रकारच्या लोहाचा १५ ते ३५ टक्के भाग शोषला जातो. धान्ये, कडधान्ये व भाज्यांतील लोह दुसऱ्या प्रकारचे असून त्याचे शोषण बरेच कमी, पुष्कळदा दहा टक्क्यांच्याही आत असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दररोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. शरीराची गरज एकदोन मिलिग्रॅमची असताना शिफारस एवढी मोठी असण्याचे कारण हे अल्प शोषणच होय.

धान्याच्या कोंड्यातील व डाळींतील फायटेट आणि चहा-कॉफीतील टॅनिनसारखे पदार्थ लोहाशी बांधले जातात व त्याचे शोषण रोखतात. जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो. न्याहारीबरोबर चहा पिण्याची महाराष्ट्रातील सवय या दृष्टीने अडचणीची आहे. चहा तासाभराने घेतल्यास ही हानी बरीचशी टळते. याउलट क जीवनसत्त्व शोषण वाढवते. कांदेपोह्यांवर व वरणभातावर पिळलेले लिंबू, जेवणातील आवळा, जेवणानंतर खाल्लेला पेरू यांचे मोल केवळ चवीपुरते नाही. मात्र लिंबू शिजताना न घालता वाढल्यावर पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. कडधान्यांना मोड आणल्याने त्यांतील फायटेट घटते आणि थोडे क जीवनसत्त्वही तयार होते. त्यामुळे मटकीची मोड आलेली उसळ ही नुसत्या शिजवलेल्या मटकीपेक्षा सरस ठरते. इडली-डोशाच्या आंबवण्यानेही हाच लाभ होतो.

काही पदार्थांची ख्याती त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीहून मोठी आहे. गूळ त्यांपैकी एक होय. १०० ग्रॅम गुळात चारपाच मिलिग्रॅम लोह असले, तरी जेवताना तोंडात टाकलेल्या दहा ग्रॅमच्या खड्यातून फार तर अर्धा मिलिग्रॅम लोह मिळते आणि त्यातलेही थोडेच शोषले जाते. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, ही समजूत तर केवळ रंगसाम्यावर उभी आहे. पालकात लोह आहे, पण त्याचे शोषण चांगले होत नाही. एका शास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिल्यामुळे पालकाची कीर्ती दहापट वाढली, ही कथाही पुराव्याअभावी आता ग्राह्य मानली जात नाही. बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या अळिवाच्या लाडवांत लोह निश्चितच चांगले असते. मात्र ते नेमके किती, याबाबत जुन्या व नव्या अन्नघटक तक्त्यांतील आकड्यांत मोठी तफावत आहे आणि एका लाडवात पडणारे अळीव चमचाभरच असतात. लोखंडी कढईत वा तव्यावर शिजवल्याने अन्नातील लोह वाढते. चिंच, कोकम, टोमॅटो यांसारख्या आंबट पदार्थांत ही वाढ अधिक होते. स्टीलच्या व न चिकटणाऱ्या भांड्यांमुळे हा आयता लाभ शहरी स्वयंपाकघरातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

बाजरी हे महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागाचे जुने धान्य असून त्यात गहू व तांदूळ यांच्या तुलनेत लोह अधिक असते. निवड पद्धतीने त्यातील लोह आणखी वाढवून तयार केलेले ‘धनशक्ती’ हे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाले. हैदराबादजवळील इक्रिसॅट ही संस्था व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी ते विकसित केले. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या विद्यार्थ्यांना अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी दोन्ही वेळच्या जेवणात देऊन सहा महिने केलेल्या अभ्यासात त्यांचे फेरिटिन वाढल्याचे दिसले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध न देता, रोजच्या भाकरीतूनच हा बदल घडला हे त्याचे वैशिष्ट्य होय.

लोहाच्या गोळ्या

आहारसुधारणा रक्तक्षय टाळण्यासाठी पुरेशी ठरू शकते. परंतु हिमोग्लोबिन बरेच उतरले असल्यास, विशेषतः गरोदरपणात, केवळ आहाराने ते वेळेत भरून येत नाही. अशा वेळी गोळ्या आवश्यक असतात. ‘आम्ही घरचेच सकस खातो, गोळ्या कशाला’ हे म्हणणे अशा स्त्रीच्या बाबतीत धोक्याचे ठरते, कारण बाळंतपणातील रक्तस्राव सोसण्याची शक्ती तिच्या अंगी उरलेली नसते. गंभीर रक्तक्षयात शिरेतून लोह देणे किंवा रक्त चढवणेही गरजेचे होते.

गोळीच्या वेष्टनावर लिहिलेले क्षाराचे वजन आणि तीतून मिळणारे प्रत्यक्ष लोह यांत फरक असतो. फेरस फ्युमरेटच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश आणि स्फटिकरूप फेरस सल्फेटच्या वजनाचा सुमारे एकपंचमांश भाग लोहाचा असतो. दोन गोळ्यांची तुलना करताना हा भाग पाहणे आवश्यक असते. लोहाची गोळी दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास तिचा बराचसा उपयोग वाया जातो. गरोदर स्त्रियांना लोह व कॅल्शियम दोन्ही दिले जात असल्याने ती वेगवेगळ्या वेळी घेण्यास सांगितले जाते.

गोळ्या अर्ध्यावर सोडल्या जाणे ही उपचारातील सर्वांत मोठी अडचण आहे. मळमळ, पोटात जळजळ व बद्धकोष्ठ हे त्रास अनेकांना होतात; शौचाचा रंग काळा होतो आणि त्याने घाबरून अनेक स्त्रिया गोळ्या बंद करतात. हा काळा रंग न शोषल्या गेलेल्या लोहाचा असून तो निरुपद्रवी आहे, एवढी एकच माहिती गोळ्या देताना सांगितली गेली तर बऱ्याच गोळ्या कचऱ्यात जाण्याऐवजी पोटात जातील. उपाशीपोटी शोषण अधिक होत असले, तरी ज्यांना त्रास होतो त्यांनी जेवणानंतर गोळी घेणे हे ती न घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. गोळीनंतर सुमारे दिवसभर यकृतातील हेप्सिडिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढून पुढील गोळीतील लोहाचे शोषण रोखले जाते, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी घेण्याचा सल्ला देतात.

उपचार लागू पडत असल्यास महिन्याभरात हिमोग्लोबिन एकदोन ग्रॅमने वाढते. ते पूर्ववत झाल्यावरही सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, कारण तोवर शरीरातील साठा भरलेला नसतो. बरे वाटू लागताच गोळ्या थांबवल्याने काही महिन्यांत तीच अवस्था परत येते.

फोलेट आणि मुंबईतील संशोधन

रक्तक्षयाचा दुसरा प्रकार उलगडण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स (१८८८–१९६४) या ब्रिटिश वैद्यक-संशोधक गरोदर स्त्रियांतील घातक रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी भारतात आल्या. हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना हा रोग गरीब, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांत अधिक दिसला. या रोगात रक्तपेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होतात. त्या काळी अशा मोठ्या पेशींच्या एका रक्तक्षयावर शुद्ध केलेला यकृतार्क गुणकारी ठरत असे; या स्त्रियांना मात्र त्याचा उपयोग होईना. तोच अर्क अशुद्ध स्वरूपात दिला तर गुण येई. यावरून शुद्धीकरणात गळून जाणारा कोणतातरी निराळा घटक असला पाहिजे, हे विल्स यांच्या लक्षात आले. त्यांनी या स्त्रियांसारखाच निकृष्ट आहार माकडांना देऊन त्यांच्यात तसाच रोग निर्माण केला आणि मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो हे दाखवले. स्त्रियांवरील उपचारही यशस्वी झाले. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो अज्ञात घटक ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा करण्यात आला व लॅटिन भाषेतील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. लेडर्ले प्रयोगशाळेत १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होते.

फोलेट हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, शेंगदाणे व यकृत यांत असते. दीर्घकाळ शिजवल्याने ते बरेच नष्ट होते. गरोदरपणात त्याची गरज दुपटीहून अधिक होते. गर्भाची चेतानलिका गर्भधारणेनंतरच्या सुमारे २८ दिवसांत, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्याआधीच, बंद होते. ती नीट बंद न झाल्यास बाळाच्या मेंदूत वा मणक्यात गंभीर दोष राहतो. असे मूल आधी झालेल्या मातांना फॉलिक आम्ल दिल्यास तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाच्या चाचणीत दिसून आले. म्हणूनच मूल होऊ देण्याचा विचार असतानाच ही गोळी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो.

ब१२ जीवनसत्त्व

ब१२ हे जीवनसत्त्व केवळ सूक्ष्मजीव तयार करू शकतात. ते मांस, मासे, अंडी व दूध यांतून मिळते; भाज्या, धान्ये व कडधान्ये यांत ते नसते. शाकाहारी व्यक्तीला ते प्रामुख्याने दूध-दह्यातून मिळते. पाव लिटर दुधात सुमारे १ मायक्रोग्रॅम ब१२ असते, तर प्रौढाची दैनंदिन गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. चहापुरते दूध घेणाऱ्याच्या आहारात ते कमी पडणे स्वाभाविक होय. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता सावकाश उघड होते. उतारवयात जठरातील आम्ल कमी झाल्याने, तसेच मधुमेहावरील मेटफॉर्मिन व आम्लपित्तावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही या जीवनसत्त्वाचे शोषण घटते. स्पिरुलिनाचा ब१२ चा स्रोत म्हणून प्रचार होतो. परंतु तीत आढळणारे संयुग बहुतांशी माणसाच्या उपयोगी पडत नाही.

यकृत खाऊ घालून घातक रक्तक्षय बरा होतो हे जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवले. त्यांना जॉर्ज व्हिपल यांच्यासह १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील हा घटक ब१२ असल्याचे १९४८ मध्ये स्पष्ट झाले. त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली.

ब१२ च्या कमतरतेने रक्ताबरोबर मज्जासंस्थाही बिघडते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते. वार्धक्याचीच ही लक्षणे समजून वर्षानुवर्षे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. अशा रुग्णाला केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते आणि उशीर झाल्यास ती कायमची होते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या गावांतील गरोदर स्त्रियांचा १९९० च्या दशकापासून दीर्घकालीन अभ्यास झाला. त्यात जवळपास दोनतृतीयांश मातांत ब१२ कमी आढळले. ज्या मातांत फोलेट जास्त व ब१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध सर्वाधिक दिसला. शासकीय गोळीत लोह व फॉलिक आम्ल असते, ब१२ नसते. शाकाहारी लोकसंख्या मोठी असलेल्या प्रदेशात हा प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही.

शासकीय उपाययोजना

भारतात १९७० पासून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचे वाटप होत आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या मोहिमेत गरोदर स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून १८० दिवस, व प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस, ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली लाल गोळी दररोज दिली जाते. किशोरवयीनांना तेवढ्याच मात्रेची निळी गोळी आठवड्यातून एकदा, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी आणि त्याहून लहान बालकांना पातळ औषध मिळते. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्यामार्फत हे वाटप होते. गोळी हातात पडणे आणि ती गिळली जाणे यांतील अंतर मात्र वाटपाच्या नोंदवहीत दिसत नाही.

रेशनवरील व शालेय पोषण आहारातील तांदळात लोह, फॉलिक आम्ल व ब१२ मिसळलेले दाणे घातले जाऊ लागले. हे दाणे साध्या तांदळाहून किंचित वेगळे दिसत असल्याने ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून ते निवडून टाकले जाण्याचे प्रकार घडले आहेत. वस्तुतः ते तांदळाच्याच पिठापासून बनवलेले असतात.

पूरके आणि सावधगिरी

बाजारात मिळणारी बहुसंख्य आरोग्यपूरके अन्न या सदरात मोडतात. २०१६ च्या नियमांनुसार त्यांच्या वेष्टनावर ती औषधी वापरासाठी नसल्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. अनेक जीवनसत्त्वे व खनिजे एकत्र असलेल्या गोळीत लोहाची मात्रा पुष्कळदा उपचाराला अपुरी असते आणि सोबतचे कॅल्शियम तिच्या आड येते. अशा गोळ्या घेत असलेली व्यक्ती उपचार चालू असल्याच्या समजुतीत राहते.

पुरुषांत व पाळी बंद झालेल्या स्त्रियांत लोहाची कमतरता आढळल्यास केवळ गोळ्या देऊन थांबणे योग्य नसते. पोटातील व्रण, मूळव्याध किंवा आतड्याचा कर्करोग यांतून होणारा छुपा रक्तस्राव त्यामागे असू शकतो. नंदुरबार, गडचिरोली आदी आदिवासीबहुल जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल आजार आणि थॅलेसेमिया यांतही हिमोग्लोबिन कमी असते, पण त्याचे कारण आनुवंशिक असते. वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या रुग्णांच्या शरीरात आधीच जास्त लोह साठत असल्याने तपासणीविना दिलेले लोह हृदय व यकृत यांना अपायकारक ठरते. लहान मुलांनी गोड वेष्टनाच्या लोहाच्या गोळ्या मूठभर खाल्ल्यास जीवघेणी विषबाधा होते. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता, गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन मुलाला तात्काळ रुग्णालयात न्यावे लागते.